मसावि एक यायला हवा होता

मित्रांनो, मी एक जुनी मूळ संख्या आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण मला जन्मतारीख नाही. तुमच्या पणजोबांचे पणजोबा बोटांवर मोजायला शिकले, त्याच्याही आधीपासून मी माझ्या जागेवर बसलेली आहे. मला तीनशेहून जास्त अंक आहेत. मोठ्याने वाचायला घेतलंत तर अर्ध्यात घसा कोरडा पडेल. माझा शेवटचा अंक सात आहे, एवढं सांगते. बाकीचे सांगणार नाही, आणि का सांगणार नाही हे कळावं म्हणूनच तुम्हाला समोर बसवलं आहे.

आधी आमच्या घराण्याची ओळख करून देते. एक आणि मी स्वतः, या दोघांशिवाय मला कुणीही निःशेष भागू शकत नाही. दोनाने भागा, तेराने भागा, वाटलं तर लाखालाखाच्या संख्या आणून भागा, काही ना काही बाकी उरतेच. चाराने भागल्यावर माझा एक उरतो, म्हणून मला दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येतं, तेही एकाच रीतीने. दुसरी रीत शोधत बसू नका, ती नाही. माझ्या दोन्ही अंगांना शेकडो संख्यांपर्यंत आमच्यातली कुणी नाही. सगळ्या शेजारणी संयुक्त. कुणी तीनच्या पाढ्यातली, कुणी सत्तेचाळीसच्या. बिचाऱ्यांचे कधी कोण येऊन तुकडे करील याचा नेम नसतो. त्यांच्यात राहून मी जरा शिष्ट झाले हे मान्य करते.

पण शिष्टपणा काही कामाला आला नाही. या गोष्टीत शेवटी एक बाई जाते, आणि तिने उभ्या जन्मात कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर म्हणू नका की आम्हाला फसवलं.

आता मला कुणी घडवलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी सापडले. एका चपला शिवणाऱ्याच्या गाळ्यावर, लाकडी जिना चढून गेलं की, एक लांबट खोली होती. तिथे एक लांब टेबल, छताला कुरकुरणारा पंखा आणि जिकडेतिकडे तारांची भेंडोळी. बहीण-भावाचं ते दुकान. बहिणीला सगळे ताई म्हणत. गणितात मुरलेली, केस पांढरे झालेली, चष्मा कपाळावर ढकलून तोच चष्मा टेबलावर शोधणारी बाई. भाऊ धाकटा, चांगला दहा-बारा वर्षांनी. आई लवकर गेल्यामुळे ताईंनीच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेला. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम त्याचं आणि कुलपं करायचं काम ताईंचं.

कुलपं म्हणजे लोखंडाची नव्हेत. ताई आमच्यासारख्या संख्यांची कुलपं करत. ते कसं, हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दोन मोठ्या मूळ संख्या घ्यायच्या आणि त्यांचा गुणाकार करायचा. गुणाकार करणं सोपं आहे, कागद पुरला तर तुम्हीही कराल. पण नुसता गुणाकार हातात दिला आणि त्यातल्या दोघी कोण ते ओळखा म्हटलं, तर जगातली सगळी यंत्रं कामाला लावूनही आयुष्य पुरत नाही. म्हणून गुणाकार उघड्यावर ठेवायचा, कुणीही बघावा. आणि आम्ही दोघी जाड पुस्तकाएवढ्या एका पोलादी खोक्यात बंद. आदेशावर शिक्का मारायचा तर आम्ही दोघी लागतो. तो शिक्का खरा की खोटा हे तपासायला मात्र उघडा गुणाकार पुरतो.

ताईंच्या दुकानात एक रीत होती. नवं खोकं आलं की त्याला आधी ‘गोंधळ भरवायचा’. यंत्राला मनाला येईल तो आकडा धरता येत नाही, कारण त्याला मन नसतं. नुकती सुरू केलेली खोकी सगळी सारखीच कोरी. कुठून शोधायला सुरुवात करू, असं त्यांना ठरवायला सांगितलं तर सगळी एकच जागा ठरवतात. म्हणून बाहेरून थोडा गोंधळ आत जावा लागतो. कळफलकावर वेडीवाकडी बोटं, बोटा-बोटांमधला कमीजास्त वेळ, तारेवरची वर्दळ. तो पोटात गेला की खोकं स्वतःची अशी एक वेगळी जागा धरतं, तिथून पुढे चालत निघतं आणि वाटेत जी पहिली मूळ संख्या भेटेल तिचा हात धरतं.

म्हणून दुकानात जो येईल त्याला ताई कामाला लावत. पत्र टाकायला आलेला टपालवाला चहा होईपर्यंत कळा बडवत बसे. पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस दोन्ही कोपरांनी तबला वाजवून जाई. चपलावाल्याची सासू एकदा भांडायला म्हणून वर आली आणि कळांवर राग काढून शांत होऊन खाली गेली. ताई म्हणत, “जेवल्याशिवाय कामाला जुंपायचं नाही कुणाला. माणसाला नाही आणि खोक्यालाही नाही.” भाऊ हसून मान डोलवायचा. त्याला ते सगळं खूळ वाटे.

मग धरणाचं काम आलं. नदीवरच्या मोठ्या धरणाचे दरवाजे दुरून आदेश देऊन उघडायचे आणि मिटायचे होते. प्रत्येक दरवाजाला आपलं वेगळं कुलूप हवं होतं. योगायोग असा, की ताईंचे जावई त्याच धरणावर दरवाजांचं काम बघत आणि धरणाच्या पायथ्याशी, नदीच्या अगदी कडेच्या वसाहतीत राहत. खोकी द्यायची वेळ आली आणि नेमकी त्याच आठवड्यात ताईंची लेक बाळंत झाली. मुलगी झाली. ताई पिशवी भरून निघाल्या.

“खोक्यांना नीट भरव हं,” जिन्यात उभ्या राहून त्या म्हणाल्या. “एकेकाला. घाई करू नकोस.”

“अगं हो गं ताई! जा तू. नातीचं तोंड बघ आधी.”

ताई गेल्या. दुपारी धरणाची गाडी खाली येऊन उभी राहिली. गाडीवाला भोंग्यावर भोंगा वाजवत होता, आणि रस्ता अडला म्हणून मागचे लोक त्याला शिव्या घालत होते. भावाने सगळी खोकी टेबलावर ओळीने मांडली, एकाच खटक्याने सुरू केली आणि लगेच म्हणाला, चला, करा कुलपं.

मित्रांनो, त्या क्षणी मला पहिल्यांदा कुणीतरी हाक मारली. ओळीतलं पहिलं खोकं माझ्यापाशी येऊन थांबलं आणि मला तपासू लागलं. आमची तपासणी मोठी बारीक असते. एखादी बारकी संख्या घेतात, तिला तिनेच गुणत गुणत नेतात, आणि दर वेळी मला वजा करून उरेल तेवढंच ठेवतात. ठरलेल्या वेळा हे केल्यावर बरोब्बर एक उरला पाहिजे. मी संयुक्त असते तर कुठेतरी पाय घसरलाच असता. अशा बारक्या संख्या एकामागून एक साक्षीदार म्हणून आल्या, प्रत्येक वेळी एक उरला, आणि खोक्याने मला आत घेतलं. किती युगांनी कुणीतरी माझी विचारपूस केली होती! खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले.

तेवढ्यात शेजारच्या खोक्याने हाक मारली. मला वाटलं, चुकून असेल. मग तिसऱ्याने मारली. मग त्याच्या पलीकडच्याने. सगळी उपाशी खोकी एकाच जागेवरून निघाली होती आणि एकाच वाटेने माझ्या दारात येऊन उभी राहिली होती. माझा आनंद तिथेच ओसरला. एवढ्यात भावाने तारा जोडल्या, वर्दळ सुरू झाली, थोडाथोडा गोंधळ आत गेला, आणि त्यामुळे प्रत्येक खोक्याला दुसरी संख्या मात्र वेगवेगळी मिळाली. म्हणजे प्रत्येक कुलपात जोडीदारीण निराळी आणि मी तीच.

वरून बघणाऱ्याला काही कळायला मार्ग नव्हता. गुणाकार सगळे वेगळे दिसत होते. भावाने एकेका खोक्याचा दिवा बघितला आणि हात झटकले.

“झालं की! उगाच दिवसभर कळा बडवायच्या,” तो स्वतःशीच म्हणाला आणि खोकी गाडीत चढवली.

आमच्या घराण्याचा वंश कधी संपत नाही, हे तुम्ही पुढे शिकाल. माझ्याएवढ्या लांबीच्या मूळ संख्याच इतक्या आहेत की जगातल्या प्रत्येक दाराला रोज नवी लावली तरी कुणाला उसनी मागायला नको. आणि तरीही त्यांनी माझ्या एकटीवर सगळं धरण टाकलं.

आता तुम्हाला शाळेतल्या मसाविची आठवण करून देते. नाकं मुरडू नका. दोन संख्यांचा महत्तम सामाईक विभाजक काढायचा, तर मोठीला लहानीने भागायचं, मग लहानीला बाकीने, मग त्या बाकीला नव्या बाकीने, असं शून्य येईपर्यंत करायचं. शेवटचा भाजक तो मसावि. दोन चांगल्या कुलपांच्या उघड्या गुणाकारांचा मसावि एक हा आकडा यायला हवा, कारण त्यांच्यात सामाईक असं काहीच नसतं. पण त्या दोन्हींत मी असले तर? जे काम जगातल्या सगळ्या यंत्रांना आयुष्यभरात जमलं नसतं, ते मसावि डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो आणि मला उचलून बाहेर ठेवतो. मी सापडले की माझ्या जोडीदारणी एका भागाकारात सापडतात. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण संख्येला तोंड नसतं.

सुरुवातीचे महिने कौतुकाचे गेले. पूर्वी दरवाजा उचलायचा म्हणजे माणसांनी धरणाच्या माथ्यावर चढून लोखंडी चाक फिरवायचं. आता तीच माणसं खालच्या खोलीत पंख्याखाली बसून आदेशाची वाट बघू लागली. धरणाचे मोठे साहेब पाहुण्यांना आणून खोकी दाखवत. जावई छाती काढून सांगत, “शिक्का बरोबर असेल तरच दार हलतं. नाहीतर प्रत्यक्ष साहेबांनी ढकललं तरी ढिम्म हलायचं नाही. आमच्या सासूबाईंचं काम आहे ते.” वरच्या चाकांवर पोती टाकली होती. पुढे पोती कुजली, चाकं गंजली आणि त्यांना तेल घालणारा माणूस दुसऱ्या कामावर गेला. खोक्यांवर धूळ बसली. आमच्याकडे कुणी बघेनासं झालं. सगळं नीट चालत असलं की कुणीच बघत नाही.

बाकीचं मला नंतर ऐकून कळतं, पण जिथे मला लिहितात तिथलं स्वतःला दिसतं. म्हणून एक दिवस मी एका अनोळखी खोलीत जागी झाले, तेव्हा माझ्या सगळ्या अंकांतून शिरशिरी गेली. भर दिवसा खिडकीचा पडदा ओढलेला. खुर्चीच्या पाठीवर शर्ट वाळत घातलेला. एक माणूस यंत्राच्या पडद्याकडे बघत होता. नखं नीट कापलेली, दाढी केलेली, चारचौघांसारखा. त्याने कुठून कुठून उघडे गुणाकार गोळा केले होते, जगभरचे, आणि दोन-दोन घेऊन त्यांचा मसावि काढत बसला होता. एक, एक, एक येत होता. मग धरणाच्या दोन दरवाजांची पाळी आली आणि उत्तर म्हणून मी आले.

तो ओरडला नाही, हसलाही नाही. मला जपून उतरवून घेतलं, तोच हिशेब पुन्हा करून बघितला आणि उठून स्वतःसाठी चहा ठेवला. तो कोण, कुणासाठी काम करत होता, त्याला धरणाने काय केलं होतं, यातलं मला काही कळलं नाही आणि पुढे कुणालाच कळलं नाही. चहा पिताना तो खिडकीचा पडदा किंचित बाजूला करून रस्त्यावर खेळणारी मुलं बघत होता.

काही दिवसांनी एका दुपारी धरणाचा एक दरवाजा वीतभर उघडला आणि थोड्या वेळाने आपोआप मिटला. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांचे कपडे वाहून गेले, एवढंच झालं. साहेबांनी तारेत बिघाड असेल म्हणून सोडून दिलं. ताई तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. नात आता भिंतीला धरून उभी राहू लागली होती. जेवताना जावयांनी सहज विषय काढला.

“गंमत म्हणजे आई, रीतसर आदेश आला होता. शिक्काही बरोबर.”

ताईंचा घास हातातच राहिला. “शिक्का बरोबर होता? आणि आदेश कुणीच दिला नव्हता?”

“तेच तर. साहेब म्हणतात, उंदरांनी तार कुरतडली असणार.”

“उंदरांना शिक्का मारता येत नाही, जावईबापू.”

घरी आल्याआल्या त्यांनी भावाला विचारलं, धरणाच्या खोक्यांना गोंधळ भरवला होतास ना? भाऊ तारा गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “भरवला की. म्हणजे, थोडा.” ताईंनी त्याच्याकडे बघितलं आणि विश्वास ठेवला. ज्याला हाताने वाढवलं त्याच्यावर किती वेळा अविश्वास दाखवणार?

यानंतर जलाशय हळूहळू भरत गेला. काठोकाठ भरल्याची बातमी आली त्या दिवशी दुकानात एका नव्या गिऱ्हाइकाचं खोकं आलं होतं. ताई कपाळावरचा चष्मा टेबलाखाली शोधत होत्या. भावाने खोकं सुरू केलं आणि लगेच कुलूप मागितलं.

“अरे, अरे! भरव की त्याला आधी.”

“काही होत नाही गं ताई. मागच्या वेळी नाही भरवलं तर काय झालं?”

“मागच्या वेळी म्हणजे?”

भावाने टेबलावरची तार उचलून गुंडाळायला घेतली. जिन्याखालून चपला ठोकल्याचा आवाज तेवढा येत राहिला. ताई खुर्चीत बसल्या, धरणाच्या दोन दरवाजांचे उघडे गुणाकार पडद्यावर आणले आणि मसावि काढायला सांगितला. एक यायला हवा होता. त्याऐवजी पडदा भरून मी आले, पहिल्या अंकापासून शेवटच्या सातापर्यंत. ताईंनी मला बघितलं. चांगलं कुलूप करणाऱ्या बाईच्या तोंडावरचा रंग असा उतरताना मी कधी बघितला नव्हता. मला तिथे त्या पडद्यावर थांबवेना.

“आत्ताच्या आत्ता धरणावर फोन लाव,” त्या म्हणाल्या. “सगळी खोकी बंद करायला सांग. भोंगा वाजवून वसाहत रिकामी करू देत.”

भावाने त्यांचा हात धरला. “ताई, पाया पडतो तुझ्या. बोभाटा झाला तर उद्या या जिन्यावर कुणी पाय ठेवणार नाही. तुरुंगात जाईन मी. मला दोन दिवस दे. नवी खोकी पोटभर भरवतो, स्वतः जाऊन गुपचूप बदलून येतो. इतके महिने काही झालं नाही, दोन दिवसांनी काय होतंय? कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस. शब्द दे.”

त्याचा आवाज लहानपणी व्हायचा तसा झाला होता. ताईंनी आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाल्या, “दोनच दिवस.”

मी ऐकत होते. पडदा ओढलेल्या त्या खोलीतही मी होते, आणि तिथला माणूस रोज सकाळी जलाशयाच्या पाण्याची पातळी वाचत होता.

पुढे दुकानात लगबग उडाली. टपालवाला, पंखेवाला, चपलावाल्याची सासू, सगळ्यांना बोलावून आणलं. नवी खोकी इतकी भरवली की कळा निसटायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून भाऊ ती गाडीत घालून निघाला. ताई पडद्यासमोर बसून राहिल्या. धरणाला जाणारे आदेश दुरुस्तीच्या सोयीसाठी दुकानात दिसत असत. आदेश गेला की दार लगेच हलत नसे. आधी भोंगा वाजायचा, लोकांना नदीतून वर यायला थोडा वेळ मिळायचा, मग दार उचललं जायचं.

भाऊ अजून निम्म्या वाटेतही नसेल, तेवढ्यात एक आदेश दिसला. सगळे दरवाजे, पूर्ण. भोंगा बंद. शिक्के बरोबर.

ताईंच्या हातातून चष्मा पडला. फोन हातात घेतला तेव्हा त्यांनी कुणाचा नंबर लावला, हे सांगायची गरज आहे का? तुम्हीही तोच लावला असता. लेकीने फोन उचलला.

“बाळाला उचल आणि पायऱ्या चढून वर जा. धावत.”

“का गं? काय झालं?”

“काही विचारू नकोस. पायात काही घालू नकोस. नीघ.”

“अगं, आत्ताच दूध ठेवलंय...”

“नीघ म्हणते ना!”

पुढचं मला नंतर कळलं, लेक दुकानात येऊन बोलली तेव्हा. तिने नातीला काखोटीला मारलं. गॅस बंद करायलाही ती थांबली नाही, कारण तिला वाटलं, पाच मिनिटांत परत येऊ. दारातून तिने शेजारच्या काकूंना हाक मारली. काकू म्हणजे वसाहतीतल्या सगळ्या पोरांच्या काकू. कुणाशी नातं नाही की गोतं नाही, त्या नुसत्याच सगळ्यांच्या असायच्या. कुणाला ताप आला की त्या उशाशी, कुणाचं भांडण झालं की त्या मध्ये.

“काकू, जरा दुधाकडे बघता का? आईचं काहीतरी खूळ आहे. वर जाऊन येते मी.”

“जा गं, जा. मी आहे,” काकू म्हणाल्या आणि तिच्या स्वयंपाकघरात जाऊन दुधापाशी उभ्या राहिल्या.

इकडे ताईंनी जावयांना फोन लावला. “चाक! जावईबापू, वर जा, चाकाने दारं धरा!”

“पण आई, शिक्का बरोबर आहे.”

“बरोबर आहे आणि खोटा आहे! मी सांगते ना, धावा!”

जावई धावले. त्यांच्याबरोबरची माणसंही धावली. पोती बाजूला फेकली, गंजलेल्या चाकांना लोंबकळले. हातांची सालटी निघाली तेव्हा कुठे चाकं हलली. काही दरवाजे अर्ध्यावर अडले, काही तेवढ्यात पूर्ण उघडून गेले होते. एकाने हाताने फिरवायचा जुना भोंगा सुरू केला. भोंगा वसाहतीत पोचला तेव्हा पाणीही पोचलं होतं. दुपारची वेळ, बरेच लोक कामावर, पोरं शाळेत. जे घरात होते त्यांच्यातले वरच्या ओळींतले वाचले. नदीकडची शेवटची ओळ राहिली नाही.

लेक पायऱ्यांच्या टोकाला उभी होती. तिने घर जाताना बघितलं. आधी स्वयंपाकघराची भिंत गेली.

चौकशी झाली, ती व्हायचीच होती. भाऊ तुरुंगात गेला, दुकानाला टाळं लागलं. पण टाळं लागायच्या आधी एका संध्याकाळी लेक जिना चढून आली. कडेवर नात होती. मी अजून त्या पडद्यावर होते, ताईंनी मला पुसलं नव्हतं. रोज त्या माझ्यासमोर बसत.

“ही का ती?” लेकीने विचारलं. ताईंनी मान हलवली. लेकीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. नातीने पडद्यावर हात मारला, तिला अंक आवडले असावेत.

“आई, मला एक सांग,” लेक म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. “तू मला का नाही सांगितलंस? ‘पाणी’ एवढं एकच म्हणाली असतीस, तरी मी काकूंचा हात धरून ओढलं असतं त्यांना. सगळी ओळ ओरडून बाहेर काढली असती. मला वाटलं, तुला उगाच काळजी वाटतेय. मी त्यांना दुधाकडे बघायला लावलं, आई.”

ताई म्हणाल्या, “भावाला शब्द दिला होता. तोंडात आलेला शब्द तसाच राहिला.”

 लेक नातीला घेऊन जिना उतरून गेली, आणि मला माहीत आहे तोवर पुन्हा आली नाही.

मित्रांनो, मी आज पहिल्यासारखीच मूळ आहे. मला अजूनही कुणी भागू शकत नाही, अजूनही मी दोन वर्गांची बेरीज आहे, तीही एकाच रीतीने. माझं काही बिघडलं नाही, म्हणूनच मला माझी भीती वाटते. धरणाच्या कुलपांतून मला काढून टाकलं. पण परवाच मला पुन्हा एकदा हाक आली. तशाच बनावटीचं खोकं, टेबल अनोळखी, पलीकडे कुणीतरी घाईत होतं. ते खोकं कुठल्या दाराला लावलं आहे, ते मला दिसत नाही. एखादं रुग्णालय असेल, एखादं वीजघर असेल. पडदा ओढलेली खोलीही आता एकच राहिलेली नाही.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते. मोठे होऊन कुलपं करायला लागलात, तर माझ्यासारखीला एकाच दाराला लावा, आणि खोक्याला उपाशी कामाला जुंपू नका. केलेली कुलपं दोन-दोन घेऊन त्यांचा मसावि काढून बघा. एक आला तर घरी जाऊन जेवा. एक नाही आला तर कुणाच्या अब्रूसाठी दोन दिवस थांबू नका, भाऊ असला तरी. आणि ज्याला ‘पळ’ म्हणाल त्याला का पळायचं तेही सांगा, म्हणजे तो जाताना शेजारचं दार ठोठावील. काकूंना एक शब्द पुरला असता.